तांडेलाचं पथ्य

२ मार्च, रविवार. सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नव्हे. माणसाने एकदा मनावर घेतलं की तो काय करू शकतो, याची कुठेतरी नोंद असावी म्हणून.

काल कुडाळला डॉक्टरकडे गेलो होतो. क्रिएटिनिन वाढलंय. किडन्या निम्म्याहून कमी काम करतात म्हणे. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी, प्रोटीन मोजून, आठवड्यातून दोनदा माशाचा छोटा तुकडा चालेल. मी म्हटलं, तुकडा कशाला? मासे बंद. पूर्ण बंद. ते म्हणाले, एवढं कडक करायची गरज नाही. मी म्हटलं, सगळी नोकरी वजनमाप निरीक्षक म्हणून केली, भल्याभल्यांचे काटे जप्त केले, अर्धवट काम मला जमत नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भारावले असावेत.

संध्याकाळ
शेजारच्या गणपतच्या होमस्टेच्या अंगणात चार माणसांदेखत जाहीर केलं. या गुरुदासने मासे सोडले. गणपत म्हणाला, "देवबागात ऱ्हवान मासे सोडतालास? त्यापरीस श्वास घेवचो सोडा." सगळे हसले. हसू देत. माझा शब्द तो शब्द.

५ मार्च
दुधी.

६ मार्च
दुधी. बायको, रसिका, म्हणते उद्या पडवळ. म्हणजे लांब दुधी.

९ मार्च, रविवार
तांडेलही आजारी. तांडेल म्हणजे आमचा बोका. लहानपणी गणपतच्या होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, होडीचा कप्तान असल्यासारखा ऐटीत बसायचा म्हणून हे नाव. आमची मुलगी संचिता नोकरीला मुंबईला गेल्यापासून रसिका माझ्याशी कमी आणि त्याच्याशी जास्त बोलते. काही दिवस सारखा पाणी पीत होता. मालवणला पशुवैद्य सारिका मॅडमकडे टोपलीतून नेला. रक्त तपासलं. किडनी!

मी लगेच सुचवलं, एका घरात दोन पेशंट, एकच पथ्य ठेवू. मॅडम म्हणाल्या, "अजिबात नको. माणूस दुधीवर जगेल, मांजर नाही जगणार. त्याला रोज थोडी ताजी मासळी, उकडून, बिनमिठाची. एवढं सांभाळलंत तर अजून दोन-चार वर्षं सहज काढेल." रसिकाने तिथेच डोळे पुसले.

रोग तोच. मला दुधी आणि त्याला पेडव्यांची ताजी मासळी. शास्त्रातही वशिलेबाजी आहे.

१२ मार्च
घरभर पेडव्यांचा वास. रसिका पेडवे उकडते, काटे काढते, निळ्या इनॅमलच्या थाळीत ठेवते आणि दुपारी गणपतकडे पाहुण्यांच्या स्वयंपाकाला जाते. तांडेलाला वाढायचं काम माझ्याकडे. "तुमी नीट लक्ष देतास म्हणान," असं म्हणाली. मी लक्ष देतोच.

१६ मार्च
तांडेलाने आज एक पेडवा थाळीत तसाच ठेवला. टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान. संपवला. मासे खाणं वेगळं आणि उरलेलं संपवणं वेगळं. माझं व्रत अभंग आहे.

१८ मार्च
आज त्याने काहीच ठेवलं नाही. तो तोंड लावायच्या आधीच मी उरवलं.

२० मार्च
शांतपणे विचार केला. आजारी किडनीला प्रोटीन म्हणजे ओझं, हे माझ्याच डॉक्टरांचं म्हणणं. मग त्या मुक्या जनावराच्या किडनीवर रोज पेडवे लादायचे? सारिका मॅडम वयाने लहान आहेत. अनुभव नाही. त्याचं ओझं मी उचलायचं ठरवलं. त्याच्या थाळीत माझा दुधी-भात ठेवला. त्याने हुंगला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. जनावराला उपकार कळतात.

माणसाला मात्र एवढं मोठं मन करून वर गप्प राहावं लागतं. रसिकाला सांगितलं तर तिला त्रास होईल.

२ एप्रिल
पेडवे जास्त शिजतात हल्ली. रसिकाला सांगायची सोय नाही.

बिनमिठाचं मात्र घशाखाली उतरत नाही. मालवणी मसाल्याची लहान बाटली आणि मिठाची पुडी जुन्या हेल्मेटमध्ये ठेवली आहे. हेल्मेट घालायची इथे कुणाला सवय नाही, त्यामुळे सुरक्षित.

१५ एप्रिल
रसिकाला म्हटलं, रोज रोज पेडवे खाऊन त्याला कंटाळा आला असेल, बांगडा आणून बघ. तिचा चेहराच फुलला. म्हणाली, "तुमका मांजराचो इतको लोभ आसा ता माका म्हायतच नाय हुता." उद्या बांगडा.

१६ एप्रिल
उत्तम बांगडा.

३ मे, शनिवार
तांडेलाला घेऊन पुन्हा मालवण. वजन घटलंय. सारिका मॅडमनी विचारलं, भूक कशी आहे? रसिका अभिमानाने म्हणाली, "थाळी चाटूनपुसून साफ करता." मॅडमना कोडं पडलं. एवढं खाऊन रोडावतो कसा? जंताचं औषध दिलं आणि मासळी वाढवायला सांगितली.

मॅडमबद्दलचं माझं मत सुधारलं आहे.

तिथून कुडाळला. माझाही रिपोर्ट आला. क्रिएटिनिन वर. डॉक्टरांनी विचारलं, पथ्य पाळता ना? मी रसिकाकडे बोट केलं. ती म्हणाली, दुधीशिवाय काही खात नाहीत हो. तेही कोड्यात. माझ्या मते दोष त्या लॅबच्या यंत्रात आहे. ही यंत्रं कोण पडताळून बघतो? मी खात्यात असतो तर सील ठोकलं असतं.

१८ मे
पाय सुजतात. उन्हाळा.

तांडेल आता उडी मारून ओट्यावर चढत नाही. वय झालं त्याचं. दुधी थोडा थोडा खायला लागलाय, ही चांगली खूण. सवय लागायला वेळ लागतो. मलाही सुरुवातीला जड गेलं होतं.

८ जून
सरकारी मासेमारीबंदी. बाजारात बर्फातली मासळी, ती पेशंटला नको म्हणून रसिका रोज भल्या पहाटे खाडीवर जाऊन जाळं फेकणाऱ्या पागवाल्यांची वाट बघत उभी राहते. एक-दोन शेवटे मासे मिळतात. स्वतः चवीलासुद्धा ठेवत नाही. खाडीच्या माशाला चिखलाचा वास येतो. पण नाइलाज.

२१ जून
गणपत आज दारात येऊन ओरडून सांगून गेला, "गुरुदासानू, तुमचो बोको आमच्या जाळ्याक चिकाटलेली खवळां चाटता. त्येका घराक कायच घालनास नाय काय?"

चार लोकांत नाचक्की. वजनमाप निरीक्षकाचा बोका भिकाऱ्यासारखा दारोदार! शिवाय पेशंटने बाहेरचं खाणं धोक्याचं. तांडेलाला मागीलदारच्या खांबाला सुंभाने बांधला. सुंभ लांब ठेवला आहे. तसा मी मऊच.

रसिका "सोडा त्येका" म्हणाली. मी म्हटलं, पथ्य म्हणजे पथ्य. पटलं तिला.

६ जुलै
बरगड्या दिसतात त्याच्या. व्यायाम नाही, म्हणून.

रसिका नारळ घेऊन देवळात गेली, मलाही बरोबर नेलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या लेकरान मांजराक पोटच्या पोरासारख्या वाढयल्यान, त्येच्या अंगाक अन्न लागणा नाय, कोणाची वायट नजर आसात तर ती दूर कर म्हाराजा!" जमलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं.

येताना वाटेत रसिकाने माझा हात धरला. बऱ्याच वर्षांनी.

२६ जुलै
श्रावण लागला. रसिकाचा श्रावण कडक. घरात मासळीचं नावही नाही. पण तांडेलासाठी ती मागीलदारी तीन दगडांची चूल मांडून वेगळ्या मडकीत मासे उकडते आणि आंघोळ करून घरात येते. म्हणजे घरच्या चुलीवर मासे नाहीत, घरच्या भांड्यात नाहीत आणि मी थाळीतलं खातो तेही उंबऱ्याबाहेर बसून. श्रावण मीही पाळतो आहे. कसलाही दोष नाही.

३ ऑगस्ट
धाप लागते. अंगाला खाज. तोंडाला सारखी लोखंडाची चव. दुधीमुळेच असणार, एवढा दुधी कुणालाही बाधेल. पूर्वीसारखी मजा बांगड्यात राहिली नाही. पण जबाबदारी टाकता येत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
रसिका आज गणपतकडून लवकर परत आली. मी थाळी धुऊन ठेवली होती, देवाची कृपा. तिने तांडेलाला सोडून मांडीवर घेतलं, आणि तो तिच्या पदरावर ओकला. दुधी. नुसता दुधी, बियांसकट.

रसिकाने बोटाने एक बी उचलली. मग माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं की मांजरं पोट बिघडलं की आपण होऊन भाजीपाला खातात, हे शास्त्रात आहे. तिने उठून कोनाड्यातलं हेल्मेट हुंगलं आणि परत जागेवर ठेवलं. का हुंगलं असेल? बायकांना दुःखात काहीही सुचतं.

एकूण, पटलं तिला.

१४ ऑगस्ट
काल सकाळी तांडेल गेला. दोन दिवस रसिका त्याला बोटाने मासळी भरवत होती. तो तोंड उघडायचा, पण गिळवत नव्हतं त्याला. शेवटी शेवटी तिचं बोटच चाटत राहिला. सारिका मॅडम घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, "किडनीने नाही गेला हा. उपासमारीने गेला. भरल्या घरात."

तरुण डॉक्टर. तडकाफडकी निष्कर्ष काढतात.

माडाच्या मुळाशी पुरला. रसिकाने वर निळी थाळी ठेवली नाही, धुऊन घरात नेली. मला खरोखर वाईट वाटलं. त्याच्यासाठी मी काय कमी केलं?

१५ ऑगस्ट
आज मासे आणलेच नाहीत. मांजर गेलं हे मान्य, पण घरात माझ्यासारखा आजारी माणूस आहे, त्याचा काही विचार?

१९ ऑगस्ट
रसिका बोलत नाही. मी बोलतो. तिला ऐकू येतं की नाही, कळत नाही. हेल्मेटमधली बाटली गायब आहे. गणपतवर संशय.

२ सप्टेंबर
गेले तीन-चार दिवस आठवत नाहीत. धाप लागून पडलो, गणपतने रिक्षातून कुडाळला नेलं. मानेत नळी घातली आहे. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कायम.

डॉक्टर म्हणाले, "सहा महिने नुसता दुधी खाऊन युरिया एवढा चढलेला पेशंट मी पाहिला नाही." मी म्हटलं, प्रकृती. मग त्यांनी रसिकाला विचारलं, घरी नक्की काय खातात? ती खाली बघून म्हणाली, "आमच्या घराक एक बोको हुतो. तो काय खाय हुतो, ता विचारा." डॉक्टरांना वाटलं तिच्या मनावर परिणाम झालाय. मलाही तसंच वाटतं.

११ सप्टेंबर
आनंदाची बातमी! आहाराच्या मॅडम आल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं की नियम उलटतो. मशीन प्रोटीन ओढून घेतं, म्हणून आता भरपूर खायचं. रोज मासे, अंडी. फक्त मीठ वर्ज्य. मी रडलो. शेवटी शास्त्राला माझं म्हणणं पटलं. सहा महिने मी हेच सांगत होतो, निदान वागण्यातून.

गणपतला फोन करून कळवलं. सुरमई सांगून ठेवली.

१४ सप्टेंबर, रविवार
आज घरी पहिलं जेवण. सकाळपासून वाट बघत होतो. रसिकाने पाट मांडला आणि समोर निळी थाळी ठेवली. तीच. टवका उडालेली. थाळीत पेडवे, उकडलेले, काटे काढून, बोटाने कुस्करलेले.

वास आला. तोंडात तीच लोखंडाची चव. घास फिरत राहिला. मासा समोर आहे, डॉक्टरांची परवानगी आहे, लपवायचं नाही, आणि गिळवत नाही. सवयीने थाळी पाटाच्या कडेने मागे सरकवली, खाली हात नेऊन हळूच "तांडेल" म्हटलं. हाताला काही लागलं नाही.

रसिका समोर येऊन बसली. तिने थाळी परत पुढे ओढली. म्हणाली, "चाटूनपुसून साफ व्हया. नायतर अंगाक कसा लागतला?" आवाज चढवला नाही. रोज तिन्ही वेळा अशीच समोर बसणार आहे म्हणे, गणपतकडचं काम सोडलं तिने.

मी थोडं मीठ मागितलं. चिमूटभर.

"तांडेलान कधी मागूक नाय," रसिका म्हणाली.