घुमट उडतो तो प्रसंग

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, माझा सत्कार ठरला आहे. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. जिवंतपणीच करणार आहेत.

इथल्या फिल्म सोसायटीला आमचा तो जुना चित्रपट आठवला. ऊन सरकारच्या ताब्यात आणि लोक रांगा लावून ते विकत घेतात, तोच. पुढच्या महिन्यात मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. त्यातलं अख्खं शहर मी छोट्या प्रतिकृती करून टेबलावर उभं केलं होतं, म्हणून मला स्टेजवर बोलावलंय. तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. आजची पोरं हसतील की काय, ही धास्ती आहे. मी स्वतः बघून उपयोग नाही, मला पडद्यावर नुसता डिंक दिसतो. तू बातम्यांचं संकलन करतेस, कापाकापीत तुझा हात कोण धरणार? तेव्हा पुन्हा एकदा बघ आणि भीडभाड न ठेवता कळव.

दुसरं काम जास्त अवघड आहे. पहिल्या रांगेत तुझी आई आणि तुझी मामी, दोघीही असाव्यात एवढीच माझी इच्छा. ताई म्हणते, ती येणार असेल तर मी येत नाही. मामीही शब्दशः तेच म्हणते. इतकं एकमत असलेल्या बायका एकमेकींशी बोलत का नाहीत, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ताईला आमच्याकडची गादी टोचली असावी, असा माझा अंदाज आहे. पण तिनेच मला या धंद्यात घातलं. ती समोर नसेल तर त्या स्टेजवर चढायला माझे पाय उचलायचे नाहीत.

तुझा लोभ आहेच. चित्रपट बघताना तो जरा बाजूला ठेव.
तुझा मामा

११ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चित्रपट पाहिला. शाळेत असताना पाहिला तेव्हा घरी येताना मी वर बघत चालले होते आणि खांबावर आपटले होते. आताही पहिली वीस मिनिटं तसंच झालं, फक्त खांब नव्हता. धुक्यातले ते मनोरे आजही कुणाच्या बापाला जमायचे नाहीत. मग नायक बोलायला लागतो. मामा, तो फार बोलतो. नायिका जेव्हा बघावं तेव्हा खिडकीशी उभी. त्या सरकारचा प्रमुख तर पकडून आणलेल्या माणसाला आपला सगळा बेत शांतपणे समजावून सांगतो. तेव्हा हे लक्षात आलं नाही, कारण आम्ही सगळे मागचं शहर बघत होतो. थोडक्यात, चित्रपट टिकला नाही, शहर टिकलंय. हसणारे हसतील, पण तुला नाही.

म्हणून मी आवाज बंद करून, चित्र थांबवत थांबवत, नुसतं शहर पाहिलं. न्यायालयाचे खांब म्हणजे शिवणयंत्राची रिळं आहेत ना? तुरुंग ही मामीची किसणी. मी हसत होते, तेवढ्यात प्रमुखाचा महाल आला. त्याचा घुमट म्हणजे पितळी डबीचं झाकण आहे, वर चोच मोडलेला पक्षी. ती चोच मीच लहानपणी मोडली होती.

ती मामीच्या आईची डबी. ती सापडेना तेव्हा माझी आई तुमच्याकडे राहायला आली होती, आणि मामीने चार पाहुण्यांदेखत तिला विचारलं होतं की चुकून बॅगेत तर आली नाही ना. आई दुपारच्याच गाडीने निघाली, ती पुन्हा तुमच्या दारात आली नाही. गादीचा काही संबंध नाही. आईने चित्रपट पाहिला होता, पण भावाच्या कौतुकाने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडत होती, त्यामुळे तिला काहीच दिसलं नाही. मामीने तर तो पाहिलाच नाही.

आता तूच मामीला सांग. आणि ती डबी शोधून तिच्या हातात ठेव, म्हणजे अर्धं काम होईल.

या पत्रानंतरही लोभ राहू दे.
तुझी ठमी

१५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद. तुझं पत्र आल्यापासून घास घशाखाली उतरत नाही. मामीने डॉक्टरकडे नेलं. त्याने गॅसची गोळी दिली.

घरात आहे ते बाजारातून आणायचं नाही, असा आमच्या कारखान्याचा नियम होता. निर्मात्याने शहर मागितलं होतं आणि पैसे गल्लीपुरते दिले होते. डबीतल्या सेफ्टी पिना मी नीट ग्लासात काढून ठेवल्या होत्या, एवढा मी सभ्य. काम झालं की परत ठेवायची, हेच डोक्यात होतं. मग चित्रीकरणात असा बुडालो की घरी काय चाललंय याचा पत्ताच नव्हता.

तू म्हणतेस डबी हातात ठेव. ठमे, शेवट आठव. महाल स्फोटात उडतो. ज्या प्रसंगासाठी माझा सत्कार आहे, तो तोच. तुकडे आम्ही झाडूने गोळा केले होते.

तूच मामीला लिही, असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. माझ्या ताईवर आळ आला आणि मी तिकडे डबीला काळा रंग देत बसलो होतो. फार लाज वाटते. आज मामीला चित्रपट दाखवतो. सुरुवातीपासून लावणार आहे, म्हणजे धीर गोळा करायला तेवढाच वेळ.

लोभ किती शिल्लक राहतो ते उद्या कळेल.
तुझा मामा

१७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून पत्र बाजूला टाकाल, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. डबी तुमच्या भावाने नेली होती. मी तुम्हाला विचारायलाच नको होतं. माझं चुकलं.

परवा ह्यांनी मला त्यांचा चित्रपट दाखवला. सारखा घाम पुसत होते, मला वाटलं गोळी लागू पडली नाही. न्यायालयात माझी रिळं दिसली, तुरुंगात किसणी, बंदरावर माझे दोन कंगवे. हरवलेला सगळा संसार तिथे धुक्यात उभा होता. घुमट आला तेव्हा ह्यांनी चित्र थांबवलं आणि सगळं सांगितलं. मी म्हटलं, पुढे चालू करा. आईची डबी उडाली. मी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. छान उडते, वन्सं. मला रडू आलं, पण ते डबीसाठी नाही. तुम्ही त्या दिवशी एक शब्द न बोलता चपला घातल्या होत्या. मी हाक मारायला दारापर्यंत आले होते आणि मारली नाही.

ह्यांच्याशी मी अजून बोलत नाही, आणि सत्कारापर्यंत बोलायचा विचारही नाही. तुम्ही मात्र नक्की या. आपल्या दोघींच्या मधे ह्यांनी स्वतःची खुर्ची ठेवून घेतली आहे, पण ते वर स्टेजवर असतील, तेव्हा मी तुमच्या शेजारी सरकेन. ठमी म्हणते ते खरं आहे, चित्रपट अगदीच कंटाळवाणा आहे. तो नायक एकदा सुरू झाला की आपल्याला बोलायला भरपूर वेळ मिळेल.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
तुमची भावजय