डावीकडे मोकळा उभा असलेला

आबा, आज रविवार, १६ डिसेंबर १९५६. संध्याकाळचे सव्वासात वाजलेत आणि मी गॅलरीत कठड्याशी पाट टाकून बसलो आहे. हे लिहायला घेण्यापूर्वी मी धाकट्याच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांना खडू लावत होतो. ते बूट त्याला आता होत नाहीत, पण हाताला काही काम हवं होतं. मॅच पाच वाजता संपली आणि तो अजून घरी आलेला नाही. आईने दोनदा विचारलं, "धाकलो खंय रवलो?" मी म्हटलं, पोरांबरोबर असेल, येईल. तिने बांगडे तळायचे तसेच ठेवले आहेत. जिन्यावर पाय वाजला की मी उठून बघतो आणि परत येऊन बसतो. एक ओळ लिहिली की पुन्हा उठतो, म्हणून अक्षर नेहमीसारखं आलेलं नाही.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता कॉलेजात इंटरला आहे, आपल्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला, आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. हा खेळ तुम्ही कधी पाहिला नाहीत. मी माझगावला गोदीच्या स्टोअरमध्ये लागलो तेव्हा चर्चशेजारच्या मैदानावर पोरं खेळायची, तिथे तो मला कळला. मला खेळता कधी नीट आलं नाही. पण स्वच्छ लिहितो म्हणून मला टेबलावर बसवायला लागले, आणि आता गुण लिहायला मला बऱ्याच ठिकाणी बोलावतात. दोन्ही बाजूंना पाच पाच जण असतात, दोन टोकांना उंच फळीवर लोखंडी कडं असतं, आणि बॉल त्या कड्यातून टाकायचा. या पाचांत एक गार्ड असतो. तो बॉल टप्पे देत खालून वर आणतो, आणि कोणाला द्यायचा ते तोच ठरवतो. बाकीचे चौघे आपापल्या जागी धावतात आणि त्याच्याकडे बघत राहतात. तुम्हाला एवढं सांगितलं तरी पुरे, की गार्ड म्हणजे टीमचा जॉबर, मिलमध्ये कोणाला कामावर घ्यायचं ते तुम्ही ठरवायचात तसा. आपला धाकटा त्यांचा गार्ड आहे.

त्यांच्या टीमचं यंदा काही जमत नव्हतं. खेळाचे प्रोफेसर भले गृहस्थ आहेत, पण त्यांचा जीव क्रिकेटात. मागच्या महिन्यात ते मला म्हणाले, "मला हा खेळ म्हणजे नुसती धावपळ दिसते. तू टेबलावर असतोसच. आमचा गार्ड कसा खेळतो ते जरा बघ, आणि शेवटच्या मॅचच्या आधी मला तोंडी सांग, याला ठेवू की बदलू. तुझा भाऊ आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच तू काळजीने बघशील." मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून मला झोप नाही. कारण धाकट्याने घरी स्वच्छ सांगितलेलं आहे, "खेळ नसेल तर कॉलेजात माझं काय काम? मी आपला मिलमध्ये लागेन." तो बोलतो ते करतो. तेवढं तुमच्यावर गेलंय.

मी बघितलं. बॉल त्याच्या हातात शोभतो, आबा. टप्पा गुडघ्याच्या वर जात नाही. समोरचा ज्या अंगाला असेल त्याच्या दुसऱ्या अंगाचा हात वापरतो. बॉलकडे कधी बघत नाही, मान वर ठेवून सगळं मैदान बघतो. दोघे अंगावर आले तर घाबरून टाकून देत नाही, दोन पावलं मागे येतो आणि पुन्हा सुरुवात करतो. इतकं सगळं असून ते हरायचे. दुसऱ्या मॅचला मला कारण दिसलं, आणि दिसल्यावर वाटलं की दिसलं नसतं तर बरं. त्याचा प्रत्येक पास उजवीकडे जात होता. समोरच्यांनाही ते कळलं होतं, ते सगळे उजवीकडे गोळा व्हायचे. डावीकडे एक मुलगा एकटा, मोकळा उभा असायचा. हा मुलगा यंदाच टीममध्ये आलेला, भुलेश्वरकडचा, गुजराती. पहिल्या मॅचला तो हात वर करून, "अरे, इकडे, इकडे!" म्हणून ओरडत होता. दुसऱ्या मॅचला नुसता हात वर करायचा. तिसऱ्या मॅचला त्याने हातही वर केला नाही. पण दर वेळी धावत आपल्या जागेवर मात्र जायचा.

डावीकडची ती जागा आधी कोणाची होती ते सांगायला हवं. आपल्या तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतला मुलगा, धाकट्याच्या बरोबरीचा. दोघे एकत्रच कॉलेजात गेले आणि एकत्रच टीममध्ये आले. या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणून ठरलं आणि गिरणगावात लोक रस्त्यावर आले, तेव्हा गोळीबारात त्याच्या मांडीत गोळी लागली. पाय राहिला, पण वाकत नाही. तो आता कुबडी घेऊन चालतो. त्या दिवशी धाकटा त्याच्या शेजारी होता. मीही सभांना जातो, आबा. मुंबई आमची म्हणून मीही घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. आणि मला हे प्रोफेसरांना जाऊन सांगायचं होतं, की माझा भाऊ एका गुजराती मुलाला बॉल देत नाही.

खरं सांगायचं तर मला पास दिसला नाही, नजर दिसली. धाकटा डावीकडे बघत नसता तर मी म्हटलं असतं की त्याला तिकडचं दिसत नाही, शिकेल. तो बघायचा. त्याची नजर त्या मुलावर जायची, क्षणभर थांबायची आणि उजवीकडे वळायची. ही नजर मी ओळखतो. लढाई संपली, मिलमधल्या पाळ्या कमी झाल्या, त्या वर्षी मी इंग्रजी तिसरीतून शाळा सोडली आणि तुमच्या मिलच्या गेटावर बदल्यांच्या, गैरहजर माणसाच्या जागी रोजावर लागणाऱ्यांच्या, घोळक्यात उभा राहायला लागलो. आत किती जण गैरहजर आहेत ते बघून तुम्ही बाहेर येता. अंगात बंद गळ्याचा कोट, कानावर पेन्सिल. बोट कधी दाखवत नाही, नुसती हनुवटी हलवता. तू ये. तू ये. मी सगळ्यांच्या आधी येऊन पुढे उभा आहे. तुमची नजर माझ्यावर येते, थांबते आणि माझ्या मागच्या माणसावर जाते. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईने चुलीपुढून विचारलं, "झिलाक कधी घेतल्यात?" तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "गेटावर मी कोणाचो बापूस नाय." मी तिथेच ताटावर बसलो होतो. मग तुम्ही तुमच्या ताटातला बांगडा उचलून माझ्या ताटात टाकलात. मी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी परत गेटावर गेलो.

त्या नजरेचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. चाळीत अजून तुमचं नाव निघतं. ओळीने सगळे जॉबर बदल्यांकडून काही ना काही घ्यायचे, तुम्ही कोणाच्या घरचा सुका जवळाही घेतला नाहीत. "पोटच्या पोराक घेतल्यान नाय, असो जॉबर परत होवचो नाय," असं म्हातारे सांगतात आणि धाकटा ते ऐकत मोठा झाला. त्याला तुमचा चेहरासुद्धा नीट आठवत नसेल, ही गोष्ट मात्र पाठ आहे. त्या गोष्टीतला पोर मी आहे, हे तो जणू विसरूनच गेला होता.

आज अडीच वाजता प्रोफेसर टेबलाशी आले. मी म्हटलं, "गार्ड चांगला आहे, त्याच्याइतका दुसरा तुमच्याकडे नाही. पण डावीकडे बघतो आणि देत नाही." ते म्हणाले, "का?" मी म्हटलं, "ते मी सांगणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढे काही ते भोळे नाहीत. "मग बसवू त्याला?" मी म्हटलं, "खेळवा. आधी मला त्याच्याशी बोलू द्या." 

धाकटा नळावर तोंड धूत होता. मी जाऊन सरळ सांगितलं.

"तू डावीकडे देत नाहीस."

"तो मोकळा नसतो."

"असतो."

"दादा, तू टेबलावर बसून पेन्सिली तासतोस. एकदा आत येऊन बघ, म्हणजे कळेल कोण मोकळा असतो."

"तू त्याच्याकडे बघतोस रे. बघून सोडतोस."

त्याने नळ बंद केला. "प्रोफेसरला सांगितलंस?" मी मान हलवली. "शाब्बास! आता चाळीत जाऊन पण सांग. त्याच्यासाठी सख्ख्या भावाची चुगली केली म्हणून. बघू, कोण चहा पाजतो तुला."

"त्या पोराने गोळी मारली का?"

"मारली असं कोण म्हणतंय?" तो ओरडला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिथे तो असायचा, दादा. मी बॉल घेऊन वर आलो की तिथे तो असायचा. आता तिकडे बघितलं की माझा हात वळत नाही. मी काय करू?"

हे मला ठाऊक नव्हतं. मी महिनाभर बघत होतो आणि मनात एकच कारण धरून बसलो होतो. मी त्याला गेटाचं सांगितलं. तुमची हनुवटी, तुमची नजर, मागच्या माणसाचं माझ्या खांद्याला घासून आत जाणं. म्हटलं, न दिसणं वेगळं. आबांना मी दिसत होतो. मुलगा म्हणून मला घ्यायला नको हे खरं, पण मुलगा म्हणून मला सोडायलाही नको होतं. मी पहिला आलो होतो, माझी पाळी होती.

"खोटं," तो म्हणाला. "आबा तसे नव्हते."

"आबा तसेच होते. म्हणून तर लोक अजून त्यांचं नाव काढतात."

तो बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिला, एकाच बुटाची. मग माझ्याकडे न बघता गेला.

पहिल्या अर्ध्यात काही बदललं नाही. सगळं उजवीकडे. मी गुण लिहीत होतो आणि शिसाचं टोक दोनदा मोडलं. तळमजल्यावरचा तो कुबडी आडवी टाकून टीमच्या बाकावर बसला होता, कॉलेज सोडलं तरी येतो. मध्यंतरानंतर धाकटा बॉल घेऊन वर आला आणि डावीकडे बघून पुन्हा वळला, तेव्हा हा बाकावरून ओरडला, "अरे ए, माझी जागा अडवून कशाला ठेवलीस? मी मेलो काय?" सगळे हसले. धाकटा हसला नाही. पुढच्या वेळी त्याने डावीकडे पास दिला. चांगला, छातीच्या उंचीचा, सरळ पास. आणि तो मुलगा तयारच नव्हता, आबा. बॉल येईल याची त्याने आशाच सोडलेली. बॉल त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला. बघणारे ओरडले, कोणीतरी घाण बोललं. मी खाली मान घातली. आता हा पुन्हा कधी देणार नाही असं मला वाटलं. पण धाकट्याने परत बॉल वर आणला आणि परत तिकडेच दिला. या वेळी त्या मुलाने झेलला आणि कड्यातून टाकला. मी दोन गुण लिहिले. पास लिहायला आमच्या कागदावर जागा नसते. कोणी टाकला तेवढंच लिहितात.

शेवटी ते हरलेच, एका बास्केटने. प्रोफेसर जाता जाता मला म्हणाले, "अजून मला हा खेळ कळत नाही, पण आज धावपळ जरा कमी वाटली." धाकटा तळमजल्यावरच्याला हाताला धरून बाहेर पडला, मला ट्रॅमच्या नाक्यावर एकट्याला सोडून. त्याने डावीकडे दिलं ते माझ्यामुळे, का कुबडीवाल्यामुळे, ते मला माहीत नाही. पण माझ्यामुळे त्याच्याकडचे आबा गेले असतील, एवढं कळतंय. त्याच्याकडे तुमचं दुसरं काही नव्हतंच. तेव्हापासून मी उठतो आहे आणि बसतो आहे.

नऊ वाजून गेलेत. मधे तो आला, म्हणून हे थांबवलं होतं. दोघे दादरपर्यंत हळूहळू चालत गेले होते, त्याचा पाय सांभाळत.  आईने बांगडे वाढले, मुकाट्याने जेवला. मोरीत हात धुताना माझ्याकडे पाठ करूनच त्याने विचारलं, "दादा, आबांनी तुला कधीच घेतलं नाही? शेवटपर्यंत?"

आई चुलीपुढे बसली होती. तिने वर बघितलं.

मी म्हटलं, "घेतलं. एकदा. शिमग्याच्या आदल्या दिवशी."

त्याने हात पुसले आणि विचारलं, "कसं घेतलं?"

"हनुवटी हलवली," मी म्हटलं. "तू ये, म्हणाले."

आता तो झोपला आहे. हे पत्र मी कुठे टाकणार? तुमच्यापाशीच राहू द्या. तुम्ही मला घेतलं नव्हतंत, आबा.