सोनाबाईचे दात

१४ ऑगस्ट
नातीचा, हर्षालीचा, बासरहून फोन. वादविवाद स्पर्धेत तिला विषय मिळालाय – एखादं सरकार आपल्याच माणसांची कत्तल करत असेल, तर बाकीच्या जगानं काय करायचं? "आजी, तूच लिहून दे ना." चौतीस वर्षं गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं ते याचसाठी बहुधा! तरी बसले लिहायला. रवांडा – शंभर दिवस, आठ लाख माणसं. जगाला ठाऊक होतं. मग २००५ साली सगळ्या देशांनी कबूल केलं की आपल्या लोकांना वाचवणं हे ज्या त्या सरकारचं काम, आणि ते करत नसेल तर सगळ्यांचं. माना डोलावल्या आणि जेवायला गेले! आजही कोणी विचारलं की उत्तर तेच – आमची अंतर्गत बाब आहे. निर्लज्ज मेले. मला दातओठ खायचीही सोय नाही, कवळी टोचते.

१६ ऑगस्ट
नागोरावचा नातू तापानं गेला. पाच वर्षांचा. महिन्यातलं हे दुसरं मूल. शाळेमागच्या डबक्यात डासांचं रान माजलंय, दोन अर्ज दिले मी. डबक्याकडे कोणी बघत नाही. सगळे बघतात सोनाबाईकडे. पोरानं तिच्या मळ्यातली काकडी खाल्ली होती म्हणे – म्हणजे तिनं भानामती केली! एकटी विधवा, माझ्या दारी वीस वर्षं भाजी घालणारी. मोबाइलवरच्या गावच्या ग्रुपात तिला आता नावानं कोणी बोलवत नाही. 'ती घूस' म्हणतात. रवांडातही आधी रेडिओवर माणसांची झुरळं झाली होती.

१७ ऑगस्ट
मारुतीच्या पारावर बैठक. गाव कमिटीचा अध्यक्ष अमृतराव, माझा चुलत दीर. ठरलं – सोनाबाईला किराणा नाही, दळण नाही, बोअरचं पाणी नाही. मागून कोणीतरी म्हणालं, पोळ्याच्या अमावास्येला तिचे दात पाडा, मग मंत्र म्हणता येणार नाही. लोक हसले. दात पाडायची ती जुनी रीत मेली असं मी समजत होते.
कोणाचा विरोध हाय का, असं अमृतरावांनी विचारलं.
मी चष्मा पुसत बसले.

१८ ऑगस्ट
भाषणातला 'तटस्थ राहिलेले देश' हा परिच्छेद फार कडक झालाय. वाचवेना.

१९ ऑगस्ट
पोलीस ठाण्यात गेले. आमचं गाव मराठी, पण तेलंगणात; तिथला शिपाई पोरगा तेलुगूत म्हणाला, काही घडलं की या, अम्मा. घडल्यावर! तेव्हा काय दात गोळा करायला येऊ?
परत येते तर अमृतराव ओसरीवर. चहा घेतला, बशीत ओतून, शांतपणे.
"वहिनी, तुमी काऊन मधात पडून राह्यल्या? हा गावचा मामला हाय."
गावचा मामला! अंतर्गत बाब! मी म्हटलं, भाऊजी, हे वाक्य मी परवाच भाषणात घातलंय, मोठ्या मोठ्या खाटकांच्या तोंडी. त्यांना काही कळलं नाही. कप खाली ठेवून गेले.

२१ ऑगस्ट
भर दुपारी, मुद्दाम मोठ्या रस्त्यानं, सोनाबाईला हाताला धरून घरी आणलं. वाटेतली दारं एकेक करून लागत गेली. ती सारखी म्हणे, "मॅडम, तुमचं नाव खराब हुईल." चार दिवस ओढ्याचं पाणी प्यायलीय. मी पारावर होते हे तिला माहीत आहे. त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

२२ ऑगस्ट
पोळा. बैल पूजून झाल्यावर तिसऱ्या प्रहरी पंधरा-वीस माणसं माझ्या दारात. दौलतच्या हातात पकड – तार कापायची. अमृतराव म्हणाले, वहिनी, तिला बाहेर धाडा. मी उंबऱ्यातून हलले नाही. सुरू केली हजेरी – एकेकाचं नाव, बापाच्या नावासकट. सगळे माझेच विद्यार्थी. दौलतचं नाव येताच तो गाढव खाली मान घालून म्हणाला, "हजर, मॅडम." मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्यांच्यातल्याच माणिकरावनं त्याच्या हातातली पकड काढून घेतली. मग एकेक जण पांगला. अमृतराव शेवटी.
सोनाबाईनं ज्वारीची भाकरी खाल्ली. दात बत्तीस नसतील, पण आहेत तेवढे शाबूत.
भाषणातून तो परिच्छेद काढला नाही. वर एक ओळ घातली – मीही हात वर केला नव्हता.

२३ ऑगस्ट
सकाळी दूध आलं नाही. मग डप्पू, इकडची हलगी, वाजवत दवंडी फिरली – सोनाबाईची गुरू मीच म्हणे, मंत्र इंग्रजीतून म्हणते.
कवळी धुऊन वाटीत घातली. वाटी उंबऱ्यावर ठेवली. या, न्या.