पेन्सिलीच्या रेघेवर पळणाऱ्या संगणकाची व्यवस्था

मी, नवसू काळू विशे, वय चौसष्ट, धंदा संगणक दुरुस्ती, राहणार किन्हवली, तालुका शहापूर, माझ्या पश्चात भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. हात थरथरतात, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आमच्या घरात तोही लागेल.

१. राहते घर पत्नी गिरजा हिच्या हयातीत तिचे. तिच्यानंतर घर व भातशेती मुलगा प्रज्वल व मुलगी हर्षाली यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

२. धाकटा भाऊ राघो याने नेलेला मल्टिमीटर त्यालाच दिला असे समजावे. मागून मागून माझे तोंड दुखले.

३. दुकानातला जुना संगणक. याच्याच पायी हा कागद करावा लागतो आहे. प्रोसेसर किती वेगाने पळणार हे ठरवणारा आकडा, म्हणजे मल्टिप्लायर, कंपनीने बांधून टाकला होता. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, म्हणून प्रोसेसरवरचे तुटक सोनेरी ठिपके मी भिंगाखाली पेन्सिलीने जोडले आणि तो मोकळा केला. तेव्हापासून संगणक जोरात पळत होता. यंदा खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांसोबत प्रोसेसरही पूजेत मांडायचा म्हणून प्रज्वलने तो काढला, आणि काळे लागले आहे म्हणून स्पिरिटने लख्ख पुसला! वर कुंकू लावले. परत बसवला तर संगणक पुन्हा रखडू लागला. मी ओरडलो तर म्हणतो, "बाबा, भंगारवाल्याशी बोललोय मी. नवा घेऊ." अरे, नवा कोणीही घेईल. हा मी पळवला होता. एवढे साधे याच्या डोक्यात शिरत नाही.

मी पुन्हा पेन्सिल घेतली, पण रेघ भलतीकडेच जाई. वैताग आला. शेवटी गिरजाने माझ्या हातून पेन्सिल काढून घेतली, भिंग धरले आणि ठिपके जोडले. संगणक पूर्वीसारखा पळू लागला.

४. म्हणून सदर संगणक भिंगासह गिरजाला देतो. प्रज्वलचा त्यावर कसलाही हक्क नाही.

इथवर तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला नको तो. तुमी गेल्यावर त्याचा पंखा वाजला का मला वाटंल, तुमीच बसलाव तिथं."

तरीही कलम चार तसेच ठेवतो. पुढे इतकेच, की तो भंगारात द्यायचा झाल्यास गिरजानेच द्यावा, आणि प्रज्वलने मुकाट्याने उचलून न्यावा.

खालील दोघांदेखत सही केली.

नवसू काळू विशे

साक्षीदार:
१. मुकेश धाऊ निमसे, किन्हवली
२. रत्नप्रभा बुधू जाधव, खर्डी

ठिकाण: किन्हवली
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४