डावा गाल

पोर्ट मोर्सबी, रविवार

लाडक्या आईला डॉक्टर लेकीचा गोड पापा.

मी मजेत आहे. ज्यांचा कर्करोगाने गेलेला जबडा आम्ही पायाच्या हाडातून बांधला, ते गेनो आजोबा आज रताळं चावून खायला लागले. लगेच विचारतात, "पोरी, आता सुपारी कधी?"

मी भाषणच ठोकलं, "आपण सुपारी चघळत नाही, ती आपल्याला चघळते!"

आजोबा म्हणाले, "हे आधी आईला सांग. कोकोपोच्या बाजारात सुपारी विकूनच शिकवलं ना तिनं तुला?"

सगळा वॉर्ड हसला, मीही हसले. पण तुला हे मी कधीच सांगितलं नाही.

तोबरा तू नेहमी डाव्या गालात धरतेस. तिथे पांढरा चट्टा आहे का, टोलिउदादाला उजेडात बघायला सांग. संशोधनासाठी चारशे तोंडं तपासली, तुझंच राहिलं.

रागावलीस तरी तोंड उघडशील ना?

तुझीच,
डेलमा