इल्दाच्या वहीतली पाकोळी

सान राफाएल,
२ मार्च १९८७

ती. एदेलमिराताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे तोडणी जोरात आहे. बागेत द्राक्षांपेक्षा गांधीलमाश्याच जास्त. माझी गेल्या हिवाळ्यातली छाटणी मुकादम ब्राउलिओंना आवडली. म्हणाले, आता बारमाही राहा, दोन खोल्या देतो, मुलीलाही घेऊन ये. हंगाम संपेपर्यंत उत्तर हवंय.

मी नाहीच म्हणणार. आम्हा हंगामी मजुरांना सगळं जग गोलोंद्रिना म्हणतं, म्हणजे पाकोळ्या. पाकोळीनं बिऱ्हाड थाटलं तर हसतील लोक! आणि खरं सांगू? तिची आई गेल्यापासून इल्दाला तू वाढवलंस. तिला तुझ्यापासून तोडायला माझं मन धजत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
रोसेंदो


अतामिस्की,
१६ मार्च १९८७

चि. रोसेंदोस,
अनेक आशीर्वाद.

पायाला भिंगरी तुझ्या आणि निमित्त माझं! रेडिओवर सांगत होते, श्रीमंतांचा पैसा नफा दिसला की येतो, संकट दिसलं की पळतो. त्यालाही गोलोंद्रिनाच म्हणतात. तू निदान मळके शर्ट तरी घरी आणतोस.

परवा शाळेत बाईंनी याच शब्दाचा अर्थ लिहायला सांगितला. बाकीच्यांनी लिहिलं, काळा पक्षी, दुभंगलेली शेपटी, चर्चच्या वळचणीला घरटं. आपल्या शहाणीनं लिहिलं, 'जे घरी आले की दर वेळी त्यांना आपली वाढलेली उंची नव्यानं दाखवावी लागते, ते.' ते वाचता वाचता माझी निखाऱ्यावरची भाकरी करपली. तुझा राग आला, माझाही आला. ती गेली की मी शेळ्यांसमोर बसून ढसाढसा रडेन. ते माझं मी बघते. तू हो म्हण.

उलट टपाली कळव, आणि जेवत जा.

तुझी ताई,
एदेलमिरा


अतामिस्की,
५ एप्रिल १९८७

ती. बाबांना,
शि. सा. न.

तुम्ही मुकादमांना हो म्हणालात, ते पत्र आत्यानं मला तीनदा वाचायला लावलं. चष्मा सापडत नाही म्हणाली. तो तिच्या डोक्यावरच होता. ती काही आपल्याबरोबर येत नाही, शेळ्यांना कोण बघणार म्हणते. म्हणून मीच ठरवलंय. शाळा तुमच्याकडे, डिसेंबरातली उन्हाळ्याची सुट्टी आत्याकडे. यात बदल होणार नाही. आत्या तेव्हापासून काम करताना गुणगुणते आहे.

शेवटी लोभ असावा असं लिही म्हणते. तो आहेच.

तुमची,
इल्दा

ता. क. डिसेंबरात आत्याकडे यायला मला बसमध्ये बसवताना तुम्ही रडायचं नाही. मीही कधी रडले नाही, तुमची बस वळणाआड जाईपर्यंत.