गैरहजेरीच्या दंडाची कायमची तरतूद

मी, खाली सही करणार, धंदा घड्याळदुरुस्ती, आमच्या सेवा मंडळाचा बत्तीस वर्षांचा खजिनदार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायकोचे मत वेगळे आहे, पण ते तिने लेखी दिलेले नाही.

१) घर व दुकान बायकोला, तिच्यामागे मुलीला. हत्यारे आत्ताच मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. जावयाला छत्री. ती मुळात त्याचीच आहे.

२) सभागृहातले माझे भिंतीवरचे घड्याळ मंडळाला. ते दहा मिनिटे पुढे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. कोणी शहाणपणा करून ते नीट करू नये. देणग्या मागून चपला झिजल्या, हाती काही लागले नाही. उशिरा येणाऱ्यांच्या आणि लांबण लावणाऱ्यांच्या दंडातून मात्र रुग्णांना फुकट वापरायला चाकांच्या सात खुर्च्या आल्या. त्यांतल्या तीन एकट्या अध्यक्षांच्या दंडाच्या. पाच मिनिटांपुढे बोलल्यास दंड, आणि हे गृहस्थ नुसत्या प्रास्ताविकालाच वीस घेतात. त्यांनी मला भर सभेत ‘चिंगूस’ म्हटले होते. त्यांना काहीही नाही.

३) आता मुख्य. नवे सभासद वेळेवर येतात आणि थोडक्यात बोलतात. दंडाच्या डब्यात खडखडाट आहे, दोन खुर्च्यांची चाके निखळली आहेत. मंडळाचा चिटणीस, म्हणजे माझा जावई, परवा म्हणाला, “बाबा, आता गाशा गुंडाळूया ना!” मला फार लागले. त्याची स्वतःची आई दोन वर्षे मंडळाच्याच खुर्चीत बसून बागेत जात होती.

म्हणून माझी बँकेतली ठेव अशी: माझे नाव सभासदांतून कमी करू नये. मृत्यू ही सबब धरू नये. दर सभेत माझे नाव पुकारावे आणि उत्तर न आल्यास गैरहजेरीचा दंड व्याजातून डब्यात टाकावा. रक्कम अध्यक्षांनी ठरवावी. माझ्यावर राग आहेच, हात आखडू नये. सभा नाही, तर दंड नाही, आणि पैसा बँकेतच कुजेल. आजवर मी एकही सभा चुकवली नाही. यापुढे एकही चुकवायची सोडणार नाही. तेव्हा, सभा घ्या.

स्थळ: मंडळाचे सभागृह. दिनांक: महिन्याचा पहिला रविवार, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे सव्वासहा, म्हणजे सहा वाजून पाच मिनिटे.

सही: खजिनदार

साक्षीदार:
१) शेजारचा शिंपी. वेळेवर आला, नाइलाज आहे.
२) अध्यक्ष. काहीच मिळत नसल्याने साक्षीला चालतात. सही करताना म्हणाले, “चिंगूस लेकाचा! असा दंड लावीन की व्याज पुरायचं नाही.” मग चष्मा काढून कितीतरी वेळ गप्प बसले. त्याला दंड नाही.